लेकी बोले, सुने लागे : खिल्ली नेमकी कुणावर काम करते?

बैठक चालू आहे. एक नवखा माणूस चाचरत काहीतरी सूचना मांडतो. पलीकडचा एक जण खुर्चीत रेलून म्हणतो, "वा! म्हणजे इतकी वर्षं आम्ही सगळे झोपाच काढत होतो म्हणायच्या." हशा पिकतो आणि पुढचा विषय सुरू होतो. सूचना बरी होती की टाकाऊ, यावर कुणी चकार शब्द काढलेला नसतो, तरी ती निकालात निघालेली असते. शिवाय सहसा कुणाच्या लक्षात न येणारी एक गोष्ट घडलेली असते. त्याच खोलीत आणखी दोघा-तिघांना काही सुचवायचं होतं. ते आता तोंड उघडत नाहीत.

उपहासाचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांपुढे दोनच माणसं येतात : टोपी उडवणारा आणि जिची उडवली जाते ती व्यक्ती. कुणाचं मन दुखावलं, कोण फार लावून घेतो, कोण तिखट बोलतो, एवढ्यावरच चर्चा संपते. पण या खेळात तिसरा पक्ष असतो, बघणाऱ्यांचा. माझ्या मते उपहासाचं बरंचसं खरं काम या तिसऱ्या पक्षावरच होतं. 'लेकी बोले, सुने लागे' ही म्हण यापेक्षा वेगळं काही सांगत नाही. सिग्मंड फ्रॉइडनेही १९०५ साली विनोदावर लिहिताना असं मांडलं की बोचऱ्या विनोदाला तीन माणसं लागतात : विनोद करणारा, त्याचं लक्ष्य आणि हसणारा. हसणारा मिळाला नाही तर विनोद पुरा होत नाही, नुसता अपमान उरतो.

आता खिल्ली म्हणते तरी काय? टीका म्हणते, "तुझं अमुक कारणाने चुकतंय." शिवी म्हणते, "मला तुझा राग आलाय." या दोन्हींत समोरच्याला बरोबरीचा मान असतो, कारण त्याला उत्तर द्यावंसं वाटलेलं असतं. खिल्ली म्हणते, "तुला उत्तर देण्याचीही गरज नाही." ती माणसाला एक पायरी खाली ढकलते, आणि चार लोक हसले की त्या ढकलण्यावर शिक्कामोर्तब होतं. शिव्या पचवणारी माणसं हसण्याने कोलमडतात ती यामुळे. रागाशी भांडता येतं, हशाशी कसं भांडणार?

तऱ्हा तशा मोजक्याच आहेत. एखादी लकब उचलून ती वाढवून दाखवायची, म्हणजे नक्कल. म्हणणं ताणून हास्यास्पद करायचं. टोपणनाव चिकटवायचं. वेड पांघरून भोळे प्रश्न विचारायचे. सॉक्रेटिसचा यात हातखंडा होता. किंवा तोंडभर स्तुती करून अर्थ उलटा पोचवायचा, ज्याला संस्कृत काव्यशास्त्रात व्याजस्तुती म्हणतात आणि रोजच्या बोलण्यात टोमणा. बैठकीतला तो "वा!" याच घराण्यातला.

भरताच्या नाट्यशास्त्रात हसण्याचे सहा प्रकार सांगितले आहेत : स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित आणि अतिहसित. पहिले दोन उत्तम पात्रांचे, मधले दोन मध्यम पात्रांचे, शेवटचे दोन अधम पात्रांचे. उपहसिताचं वर्णन फुललेल्या नाकपुड्या, तिरकी नजर, आखडलेले खांदे आणि डोकं असं आहे. ही नटासाठीची सूचना आहे, नीतीचा पाठ नव्हे. तरी ती तिरकी नजर बारकाईने पाहण्यासारखी आहे. कुणाची टिंगल करणारा माणूस त्याच्याकडे सरळ बघत नाही, त्याची नजर बाकीच्यांकडे जाते. हसताहेत ना, हे त्याला तपासायचं असतं.

पाश्चात्त्य विचारवंतांना हसण्यातला हा वरचढपणा फार खुपत आला आहे. प्लेटोचं निरीक्षण मला सर्वांत मार्मिक वाटतं. स्वतःविषयी भ्रमात असलेला माणूस हास्यास्पद असतो, असं तो म्हणतो, पण लगेच एक अट घालतो : तो दुबळा असला तरच. तसाच भ्रम एखाद्या बलवानाला झाला तर तो हसण्याचा विषय राहत नाही, धोक्याचा होतो. म्हणजे परतफेड करू न शकणाऱ्यालाच लोक हसतात. इंग्लंडच्या थॉमस हॉब्जने १६५१ साली हसण्याला अचानक उसळलेला अहंभाव म्हटलं : दुसऱ्याचं व्यंग दिसतं, क्षणभर आपण मोठे वाटतो आणि हसू फुटतं. पुढे तो असंही बजावतो की स्वतःत फारसं काही नाही, हे ज्यांना आतून ठाऊक असतं, त्यांनाच या हसण्याची जास्त गरज पडते. फ्रेंच तत्त्वज्ञ आन्री बर्गसन याने १९०० साली वेगळी बाजू पाहिली. त्याच्या मते हसण्यासाठी काळीज घटकाभर बधिर करावं लागतं, आणि हे हसणं समाजाचं एक हत्यार आहे. ताठर, यंत्रासारखं वागणाऱ्याला ते लाजवतं आणि वळणावर आणतं. ते बोचलंच पाहिजे, नाहीतर त्याचा उपयोग नाही, असंही तो सरळ म्हणतो.

वळणावर आणायचं, म्हणजे उपहासाने नियम राखायचे. हा उपहासाचा सगळ्यांत जुना उपयोग असावा. अकराव्या शतकात काश्मीरमध्ये क्षेमेंद्र नावाचा संस्कृत कवी होऊन गेला. लाचखाऊ कारकून, कंजूष, ढोंगी गुरू अशा सगळ्यांची त्याने यथेच्छ रेवडी उडवली. 'देशोपदेश' या काव्याच्या आरंभीच तो आपला हेतू सांगतो : हसण्याने जो अतिशय लाजला, तो पुन्हा त्या दोषाकडे वळत नाही, म्हणून लोकांच्या उपकारासाठी हा खटाटोप. नऊशेहून अधिक वर्षांनी ब्रिटिश समाजमानसशास्त्रज्ञ मायकेल बिलिग याने २००५ साली जवळपास हेच, पण काळजीच्या सुरात लिहिलं. समाजात कसं वागायचं हे आपण शिकतो त्यात ओशाळण्याच्या भीतीचा मोठा वाटा असतो, आणि ती भीती हसण्यातून रुजते. मूल काहीतरी विचित्र बोलतं, मोठी माणसं हसतात, मूल कावरंबावरं होतं आणि एक नियम शिकतं. त्याला कुणी रागावलेलं नसतं.

क्षेमेंद्राच्या बाजूने बोलायचं तर लाचखाऊ कारकुनाला लाज वाटली तर वाईट काय? अडचण अशी की खिल्ली नियमाची राखण करते, पण तो नियम चांगला आहे का हे विचारत नाही. युरोपात, विशेषतः फ्रान्समध्ये, गावकऱ्यांची एक रीत होती, शारिव्हारी. एखाद्या म्हाताऱ्या विधुराने कोवळ्या मुलीशी लग्न केलं की रात्री त्याच्या खिडकीखाली लोक जमत, भांडीकुंडी बडवत आणि अचकटविचकट गाणी म्हणत. इथवर कुणाला ते पटेलही. पण हाच गोंगाट पुन्हा लग्न करणाऱ्या विधवेच्या दारातही होई, आणि बायकोचा मार खाणाऱ्या नवऱ्याच्याही. तिथे तो मार खाणाऱ्याला दिलासा नसे. पुरुष असून मार खातो म्हणून ती शिक्षा असे. आवाज तोच, भांडी तीच. ज्याची संख्या जास्त, त्याचा नियम.

मोठ्यांना जमिनीवर आणणं

खिल्ली वरूनच खाली येते असं नाही, ती खालून वरही जाते. कॅनडाचा मानववंशशास्त्रज्ञ रिचर्ड ली कलाहारी वाळवंटातल्या शिकारी-संकलक सान लोकांबरोबर राहून अभ्यास करत होता. १९६९ साली त्याने आपला एक अनुभव लिहिला. नाताळच्या मेजवानीसाठी त्याने एक थोरला, धष्टपुष्ट बैल विकत घेतला. ज्याला त्याला सांगावं तो म्हणे, "हा? हाडांचा नुसता सापळा. सगळे उपाशी झोपणार." ली पार खचला. प्रत्यक्षात बैल कापल्यावर चरबीचा जाड थर निघाला, सगळ्यांनी मनसोक्त खाल्लं आणि तरीही हसून त्याला नावं ठेवणं चालूच राहिलं. नंतर त्याला उलगडा झाला. मोठी शिकार करून आलेल्या तरुणाशीही ते असंच वागतात. तरुणाने भरपूर मांस आणलं की तो स्वतःला मुखिया समजू लागतो आणि इतरांना चाकर. असला गर्व एक दिवस कुणाचा तरी जीव घेईल, म्हणून त्याच्या शिकारीला सगळे क्षुल्लक म्हणतात आणि त्याचं डोकं थंड ठेवतात.

न्यायालय नाही, पोलीस नाहीत, मुखियाही नाही, अशा समाजात वरचढ होऊ पाहणाऱ्याला रोखायचं कसं? हसून. हे स्वस्त आहे, यात रक्त सांडत नाही आणि उद्या पुन्हा एकत्र शिकारीला जाता येतं. खिल्लीच्या सगळ्या उपयोगांत मला हा सर्वांत शहाणपणाचा वाटतो. एकाच माणसाला टिपून त्याची उडवलेली ती नसते, कुणीही मोठी शिकार आणली तरी त्याच्या वाट्याला तेच येतं. ऐकणाऱ्या पोरांनाही आपल्या पाळीला काय ऐकावं लागणार हे आधीच कळलेलं असतं.

रोमनांनी हेच वर्षातल्या एखाद्या दिवसापुरतं केलं होतं. विजयी सेनापतीची मिरवणूक निघे तेव्हा मागून चालणारे त्याचे स्वतःचेच सैनिक त्याच्यावर पाचकळ गाणी म्हणत. इ.स.पू. ४६ मध्ये ज्यूलियस सीझरच्या मिरवणुकीत त्याचे सैनिक गात होते की नागरिकहो, बायका सांभाळा, टकल्या रंगेल आलाय. सीझरने कुणाची जीभ कापली नाही, कारण ही मुभा रूढीनेच दिलेली होती. पण मुभा दिलेल्या खिल्लीत एक खोच असते. मिरवणूक संपली की गाणं संपतं आणि सेनापती सेनापतीच राहतो. दरबारातल्या विदूषकाला राजा सहन करतो तोही याच हिशेबाने.

मुभा नसताना काय होतं, ते फ्रान्सने १८३० नंतर पाहिलं. राजा लुई-फिलिप याचं डोकं वर निमुळतं आणि गाल सुटलेले. शार्ल फिलिपाँ या व्यंगचित्रांच्या प्रकाशकावर राजाच्या बदनामीचा खटला भरला गेला, तेव्हा १८३१ मध्ये त्याने न्यायालयातच चार चित्रं काढून दाखवली : पहिल्यात राजाचा चेहरा आणि टप्प्याटप्प्याने चौथ्यात नाशपातीचं फळ. त्याचा प्रश्न होता की साम्य हाच गुन्हा असेल, तर यातल्या कुठल्या चित्रापासून मी गुन्हेगार? मग नाशपातीलाही अटक करणार का? शिक्षा झालीच, पण फळ सुटलं. पॅरिसच्या भिंतींवर जिकडेतिकडे नाशपात्या दिसू लागल्या. राजाला पैसा गिळणारा राक्षस दाखवल्याबद्दल ओनोरे दोमिए या चित्रकाराने सहा महिन्यांची कैद भोगली. १८३२ मध्ये फिलिपाँने नवं दैनिक काढलं, त्याचं नावच 'शारिव्हारी' ठेवलं. म्हाताऱ्या विधुराच्या खिडकीखालचा गोंगाट आता राजवाड्याच्या खिडकीखाली आला होता.

इथे अनेक जण घाईने निष्कर्ष काढतात की हसण्याने सिंहासनं कोसळतात. कोसळत नाहीत. १८३५ मध्ये सरकारने कायदा करून व्यंगचित्रांना आधी परवानगी सक्तीची केली आणि राजा १८४८ पर्यंत टिकला. चित्रांनी काय केलं तर प्रजेला एकमेकांच्या मनातलं कळवलं. सत्तेची भीती बरीचशी या समजावर उभी असते की बाकीचे सगळे घाबरतात किंवा भक्त आहेत. मी एकटा मनात हसलो तर मी वेडा. भिंतीवरची नाशपाती बघून शेजारचाही हसला, की तो समज ढिला पडतो. राजाला काय वाटलं हा भाग गौण, बघ्यांना एकमेकांविषयी काय कळलं हे महत्त्वाचं.

सर्बियातल्या 'ओत्पोर' या तरुणांच्या चळवळीला हे पक्कं उमगलं होतं. स्लोबोदान मिलोसेविच सत्तेवर असताना त्यांनी बेलग्रेडच्या रस्त्यावर त्याच्या चेहऱ्याचं चित्र लावलेलं एक पिंप ठेवलं, शेजारी दांडका. नाणं टाका आणि हाणा. स्वतः मात्र बाजूला जाऊन बसले. येणारे-जाणारे रांग लावून हाणू लागले. पोलीस आले, पण धरायचं कुणाला? शेवटी त्यांनी पिंपच उचलून नेलं. पोलिसांनी पिंपाला अटक केल्याचं छायाचित्र पसरलं आणि राजवटीचा दरारा आणखी थोडा ओसरला. मिलोसेविच पुढे ऑक्टोबर २००० मध्ये पायउतार झाला. त्यामागे निवडणूक होती, संप होते, लाखोंचा जमाव होता. पण त्या जमावातल्या माणसांना घराबाहेर पडण्याची सवय लागली, त्यात असल्या खोड्यांचाही हात होता.

वादात खिल्ली

लॉर्ड शाफ्ट्सबरी या इंग्रज लेखकाने १७०९ साली उपहासाची बाजू घेताना म्हटलं होतं की सत्य कुठल्याही उजेडात टिकलं पाहिजे आणि उपहास हाही एक उजेडच आहे. विधान आकर्षक आहे. ते पुरतं खरं का नाही, याचं उदाहरण रॉबर्ट गॉडर्ड या अमेरिकन शास्त्रज्ञाचं. अग्निबाण चंद्रापर्यंत पोचू शकेल असं त्याने मांडलं. जानेवारी १९२० मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने अग्रलेखात त्याची टर उडवली : पोकळीत रेटा द्यायला काही नसतं, हे शाळकरी ज्ञानही या प्राध्यापकाला नाही! चूक अग्रलेखाची होती. अग्निबाण हवेला रेटत नाही, आपल्याच पोटातला वायू मागे फेकतो म्हणून पुढे जातो. गॉडर्डने १९२६ मध्ये द्रवइंधनावरचा पहिला अग्निबाण उडवून दाखवला, पण या टवाळीनंतर तो प्रसिद्धीपासून अंग चोरूनच राहिला. वृत्तपत्राने दुरुस्ती छापली ती १७ जुलै १९६९ रोजी, 'अपोलो ११' चंद्राकडे झेपावल्याच्या दुसऱ्या दिवशी. गॉडर्ड १९४५ मध्येच वारला होता. सत्य उजेडात टिकलं, पण माणूस अंधारात राहिला.

मग वादात उपहास वर्ज्यच का? तसंही नाही. एखाद्याचं गृहीतक मान्य करून, ते पावलापावलाने पुढे नेऊन हास्यास्पद शेवटाला पोचवणं ही तर्कशास्त्रातली रीतसर पद्धत आहे. जोनाथन स्विफ्टने १७२९ मध्ये आयर्लंडमधल्या गरिबांची पोरं श्रीमंतांना खायला विकावीत असा 'साधा प्रस्ताव' हिशेबाच्या कोरड्या भाषेत मांडला. त्यातला विनोद बाजूला ठेवला तरी युक्तिवाद शिल्लक उरतो : तुम्ही या लोकांकडे माल म्हणून आधीच बघताय, मी फक्त बेरीज पुरी केली. गॉडर्डवरच्या अग्रलेखातला हशा बाजूला काढला की खाली उरते ती एक चूक, तीही तोऱ्यात केलेली. मी स्वतः हीच कसोटी लावतो : हसणं वजा करून पाहायचं.

ज्याची खिल्ली उडवली त्याचं मत मात्र खिल्लीने बदलेल, ही अपेक्षा सोडून द्यावी. पायरीवरून ढकललेला माणूस आधी तोल सावरतो आणि मग आपलं म्हणणं आणखी घट्ट धरतो. बघणाऱ्यांपैकी कुंपणावर बसलेले थोडे हलू शकतात. आपल्या बाजूचे खूश होतात, आणि पुष्कळदा खिल्ली तेवढ्यासाठीच उडवलेली असते.

बघणाऱ्यांचं काय होतं

२००० साली लेस्ली जेन्स आणि जेम्स ओल्सन या कॅनडातल्या संशोधकांनी यावर प्रयोग प्रसिद्ध केले. काही जणांना दुसऱ्याची टर उडवणारा विनोदवीर दाखवला, काहींना स्वतःवरच हसणारा, काहींना कुणालाच लक्ष्य न करणारा. दुसऱ्याची टर पाहिलेले लोक नंतर इतरांच्या मताकडे जास्त झुकले आणि अपयशाला जास्त भ्यायले. बाकीच्या दोन गटांत तसं झालं नाही. लक्षात घ्या, या लोकांना कुणी काही बोललेलं नव्हतं. बैठकीतली ती गप्प बसणारी दोघं-तिघं म्हणजे हीच मंडळी.

दुसरा परिणाम परवान्याचा. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ थॉमस फोर्ड याच्या अभ्यासांत दिसलं की स्त्रियांना कमी लेखणारे विनोद ऐकल्यावर सगळेच बिघडत नाहीत. ज्यांच्या मनात आधीपासून आकस असतो ते भेदभाव खपवून घ्यायला जास्त तयार होतात. विनोद त्यांना सांगतो की इथे हे चालतं. म्हणून "विनोद आहे, एवढं काय मनाला लावून घ्यायचं?" हा प्रश्न चुकीच्या माणसाला विचारलेला असतो. लक्ष्याने मनाला लावून घेतलं नाही, तरी खोलीत काय चालतं याची रेघ सरकलेलीच असते.

"मी गमतीने म्हटलं होतं," हे बहुधा खोटं नसतं. जस्टिन क्रूगर आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखवलं की चिडवणाऱ्याला आपला हेतू निर्मळ असल्याचं माहीत असतं आणि तो समोरच्यालाही दिसतोय असं तो धरून चालतो. समोरच्याला ऐकू येतात फक्त शब्द. जिवलग मित्र एकमेकांना वाट्टेल ते बोलतात आणि त्याने मैत्री घट्टच होते, कारण तिथे हेतू वर्षानुवर्षांच्या सहवासातून आधीच पोचलेला असतो. शिवाय फिट्टंफाट करायची सोय असते. ही सोय नसेल तिथे, म्हणजे साहेबाने हाताखालच्याची किंवा शिक्षकाने विद्यार्थ्याची उडवली, तर तेच वाक्य जखम करतं. वारंवार असं वाट्याला आलेल्या काही माणसांना पुढे कुठलंही हसणं आपल्यावरच आहे असं वाटू लागतं. या भीतीला जेलोटोफोबिया म्हणतात आणि तिचा बऱ्याच देशांत अभ्यास झाला आहे. अशा माणसाला पलीकडच्या टेबलावरचं मोकळं हसणंही टोचतं.

आपली खिल्ली उडाली तर करायचं काय? 'हसतील त्यांचे दात दिसतील' हा सल्ला एकट्यादुकट्या टोमण्याला पुरतो. रोजच्या टवाळीला पुरत नाही. चिडलं तर हसणाऱ्यांना आणखी खाद्य मिळतं. यातल्या त्यात चालणारा उपाय शांतपणे विचारण्याचा : "नीट कळलं नाही. यात चुकतंय काय ते सांगता?" आता टोमणा मारणाऱ्याला कारण द्यावं लागतं. कारण असेल तर वाद सुरू होतो, नसेल तर हशा विरतो. पण भर सभेत लाजलेल्या माणसाला हा प्रश्न सुचणं कठीण. शेजारी बसलेल्याला ते सोपं असतं, कारण त्याचं काही गेलेलं नसतं.

स्वतःच स्वतःची उडवून घेणं हा आणखी एक मार्ग. हत्यार समोरच्याच्या हातून काढून घेतलं जातं, आणि माणूस दिलदारही दिसतो. ज्याचं स्थान पक्कं आहे त्याला हे शोभतं आणि परवडतं. साहेब आपल्या विसरभोळेपणावर हसला तर कुणी त्याच्या हुकमावर शंका घेत नाही. नवखा माणूस प्रत्येक सूचनेआधी "माझं डोकं तसं कमीच चालतं" म्हणू लागला, तर महिन्याभरात लोक ते खरं मानून चालतात.